पुसण्याआधी

“...मग कोरड्यात का न्हाई मरत ही गाडी?”

सर्जेराव डाफळे हे विचारत होता ते बाबालाल वस्तादांना. वस्ताद आपल्या गॅरेजच्या पायरीवर बसून बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोरड्या रस्त्यावर नुसती पळती. पाणी लागलं की मिस मारती, धक्के देती. का? सांगा की, वस्ताद.”

वस्तादांनी चहा संपवला. बशी खाली ठेवली.

“तू सांग,” ते म्हणाले.

मी गाडीला टेकून उभा होतो आणि माझं डोकं फिरलेलं होतं. गुरुशिष्यांचं हे असलं चाललं की ऐकणाऱ्याला गंमत वाटत असेल. मला नव्हती वाटत. गाडी मी चालवतो.

गाडी म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेची छोटी पेट्रोल व्हॅन. मागची बाकडी काढून एका बाजूला गादी टाकलेली, दुसऱ्या बाजूला बसायला फळी. तिला आम्ही ॲम्ब्युलन्स म्हणतो. राधानगरीच्या वरच्या अंगाला डोंगरात आमच्या वाड्या आहेत. तिथला कोणी आजारी पडला तर त्याला खाली कोल्हापूरला न्यायला हीच गाडी आणि हाच आनंदा. आनंदा म्हणजे मी.

त्या आषाढात गाडीनं मला रडवलं. वाटेत एक ओढा आहे, पावसात रस्त्यावरून वाहतो. फार नाही, घोट्याएवढं पाणी. त्यातनं गाडी बाहेर काढली की इंजिन धक्के द्यायला लागायचं. तीन सिलिंडरपैकी एक काम सोडून द्यायचा, पाठोपाठ दुसरा गचके खायचा. चढावर तर ती जागेवरच मरायची. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी परत चालू.

तशीच ती सोमवारी मेली, आणि आत गादीवर माझी वहिनी होती.

शेवंतावहिनीच्या किडन्या कामातनं गेल्यात. तिला ठरल्या दिवशी कोल्हापूरला डायलिसिसला न्यावं लागतं. नाही नेलं तर अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, पाणी छातीपर्यंत येतं आणि धाप लागते. सोमवारी गाडी ओढ्याच्या पुढं अशी काही बसली की पोचायची वेळ टळून गेली. तिला परत घरी आणली. आता गुरुवार. आज दुपारची पाळी चुकली तर काय होईल ते डॉक्टरांनी फोनवर मला स्वच्छ सांगितलं होतं. मी ते भावाला सांगितलं नव्हतं. एसटी बंद होती, सरकारी ॲम्ब्युलन्स दुसऱ्या खोऱ्यात अडकली होती, आणि असल्या पावसात डोंगरावर गाडी घालायला खाजगीवाला कोणी तयार नव्हता.

मला भीती वाटत होती. सरळ सांगतो.

आता हा सर्जेराव. वस्तादांच्या हाताखाली तो वाढला. मग पुढच्या वळणावर स्वतःचं गॅरेज टाकलं. खाली फरशी, भिंतीला पांढरा रंग, पाने आकारानं ओळीत टांगलेले. त्याच्याकडं गाडी गेली की इंजिन घासलेल्या ताटासारखं लखलखीत होऊन येणार, ही त्याची ख्याती. माणूस हुशार, हात चांगला, पण नाक जरा वरच. वस्तादांचं आता जुनं झालं, असं चार माणसांत म्हणायचा. ते वस्तादांच्या कानावर गेलंच होतं.

ह्या गाडीपुढं मात्र त्यानं हात टेकले. प्लग बदलले. कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला. टाकीत पाणी असेल म्हणून सगळं पेट्रोल काढून गाळून परत भरलं. कॉइल नवी टाकली. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा म्हणाला, आनंदा, तुझा क्लचवरचा पायच चुकतोय. मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण एक मानावं लागेल. वहिनीचं कळल्यावर तोच म्हणाला, चल, वस्तादांकडं जाऊ. गाडीत बसला आणि दात आवळून इथवर आला. त्याला ते किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं.

वस्तादांनी गाडी चालू करायला सांगितली. मी केली. ते पायरीवरनंच ऐकत राहिले. इंजिन एका लयीत चाललं होतं. कुठं खळखळ नाही, धक्का नाही.

“ह्या गाडीला काय झालंय?” त्यांनी विचारलं.

सर्जेरावानं पुन्हा सुरुवातीपासून सगळं सांगितलं. प्लग, कार्बोरेटर, टाकी, कॉइल. वस्तादांनी पुरतं ऐकून घेतलं.

“ही बरी हाय. आजारी असलेली आण.”

“हीच आजारी हाय, वस्ताद.”

“आता न्हाई...”

 मग सर्जेरावाच्या ध्यानात आलं आणि तो मला म्हणाला, वळव गाडी, ओढ्याला जाऊ, भिजवून आणू.

गेलो. पाऊस मी म्हणत होता. ओढ्यातनं गाडी घातली, बाहेर काढली, आणि लागलीच तिनं नखरे सुरू केले. धक्के, गचके, मागं धूर. पहिल्या गिअरमध्ये खेचत, मधे उतरून ढकलत, कशीबशी वस्तादांच्या दारात आणली. मी इंजिन बंद होऊ दिलं नाही. ते फडफडत होतं, पण जिवंत होतं.

आमच्या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सर्जेरावानं उडी मारून सीट उचलली. आतनं वाफ आली. सगळं चिंब झालेलं. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि पुसायला घेतलं. वरनं, कडेनं, वायरींवरनं, खालपर्यंत. त्याचा हात इतका सफाईनं फिरत होता की मी बघतच राहिलो. मग नळी ओढून हवा मारली.

पुसून होतंय तोवर इंजिन लयीत आलं.

सर्जेराव वाकून बघत होता. कुठंच काही नव्हतं. सगळं जागच्या जागी, कोरडं आणि स्वच्छ.

“गेलं,” वस्ताद म्हणाले.

“काय गेलं?”

वस्तादांनी हातानं नुसती रस्त्याकडं खूण केली. परत जा.

माझा संयम संपला. मी म्हणालो की वहिनी वर धापा टाकतेय, आणि तुम्ही दोघं मला ओढ्यापर्यंत चकरा काय मारायला लावताय? वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. त्यांनी विचारलं, तिला किती वाजता पोचवायचीय. मी सांगितलं. ते म्हणाले की मग वेळ आहे, पण बोलण्याएवढा नाही.

परत गेलो. परत तेच पाणी, तेच धक्के, तेच ढकलणं. ह्या खेपेला सर्जेराव एक शब्द बोलला नाही. भिजून त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. कपाळावरची शीर ताठली होती. मी त्याला पुष्कळ वर्षं ओळखतो. तो असा गप्प झाला की समजायचं, गडी आता सोडत नाही.

दारात गाडी लागली. सीट उचलली. वाफ. आणि त्याचा हात सवयीनं खांद्यावर गेला.

वस्ताद आता पायरीवरनं उठून आले होते. त्यांनी पंजा पुढं केला.

“फडकं दे.”

सर्जेराव थांबला. “पुसायला पायजे की, वस्ताद. असल्या ओल्यात काय दिसणार?”

“दे.”

“तुम्हीच शिकवलंय. आधी पुसायचं, मग बघायचं. पहिल्या दिवशी शिकवलं. न पुसता पाना लावला म्हणून मारलं होतं मला.”

पाऊस पत्र्यावर वाजत होता. इंजिन फडफडत होतं. वस्तादांचा पंजा तसाच पुढं होता...

“व्हय,” ते म्हणाले. “मीच शिकवलं.”

त्यांनी पंजा आणखी पुढं केला. 

मग ते म्हणाले, “म्हणून मीच मागतोय.”

सर्जेरावानं फडकं दिलं. दिल्यावर त्याला हातांचं काय करावं तेच कळेना. एकदा ते कमरेवर ठेवले, एकदा पाठीमागं घेतले. वस्तादांनी फडकं लुंगीच्या कनवटीला खोचलं आणि आम्हाला गाडी आत ढकलायला लावली. शटर खाली ओढलं. मागचं दार धूर जायला उघडं ठेवून त्याच्यावर बाहेरनं ताडपत्री सोडली. गॅरेजमध्ये अंधार झाला. भर दिवसा मला माझा हात दिसेना.

शेजारी सलूनचं दुकान आहे. तिथनं वस्तादांनी आधीच केसांवर पाणी मारायची बाटली मागवून ठेवलेली होती. ती त्यांनी सर्जेरावाच्या हातात दिली.

“मार.”

“आणखी पाणी?”

“दुखणं पळवायचं न्हाई, बघायचं. मार.”

सर्जेरावानं इंजिनवर पाणी फवारलं. इंजिननं आचका दिला. मी सीटच्या कडेला वाकलो होतो. आधी काहीच दिसलं नाही. नुसता गरम ओला वास. त्यानं परत फवारलं, जरा डावीकडं, वायरींच्या जुडग्यावर.

आणि दिसलं.

बारीक निळा धागा. वायरीतनं निघून शेजारच्या लोखंडी पट्टीवर उडी मारत होता. टिक. टिक. टिक. प्रत्येक टिकसरशी इंजिन अडखळत होतं. जो करंट प्लगकडं जायचा तो वाटेतच लोखंडात जात होता. पाणी त्याला वाट करून देत होतं.

 मला इतका आनंद झाला की मी सर्जेरावाची पाठ थोपटायला हात उचलला. पण तो हलेना. तो त्या जागेकडं बघत होता. मग तो हलक्या आवाजात म्हणाला की ह्या वायरी त्यानंच टाकल्यात. मागच्या दिवाळीत. तिन्ही एकत्र घेऊन, काळी नळी चढवून, चिमटा लावून त्या पट्टीला घट्ट आवळल्या होत्या. दिसायला नीट दिसावं म्हणून. पट्टीला घासून घासून आतल्या बाजूनं नळी आणि वायरींचं कातडं दोन्ही गेलं होतं. वरनं बघणाऱ्याला नळी दिसायची, काळी, चकचकीत.

जे जे दुसऱ्यानं केलेलं होतं ते ते सगळं त्यानं ह्या महिन्यात उघडून बघितलं होतं. पंपाचं पेट्रोल, कंपनीचे प्लग, माझा पाय. एवढी एक जागा सोडून.

मी इंजिन बंद केलं. वस्तादांनी शटर वर केलं. उजेडात सर्जेरावाचं तोंड उतरलेलं दिसलं.

“वस्ताद, तुम्ही टाका वायरी,” तो म्हणाला. “आत बाईमाणूस बसणार हाय. माझा हात नको.”

मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी वस्तादांकडं आशेनं बघितलं.

वस्ताद पायरीवर जाऊन बसले.

“माझा हात तुझ्यापेक्षा चुकीचा हाय,” ते म्हणाले. “बांधायचं शिकवलं कुणी?”

सर्जेराव मग खाली बसला आणि कामाला लागला. चिमटा तोडून टाकला. काळी नळी फेकून दिली. नव्या वायरी एकीपासून एक लांब, लोखंडाला कुठं न टेकता सोडल्या. बघायला काही नीट दिसत नव्हतं. कुणी नवखा बघेल तर म्हणेल, कुठल्या अडाण्यानं केलंय.

मी म्हणालो, झालं ना, निघू. सर्जेराव नाही म्हणाला. स्वतःच जाऊन त्यानं शटर ओढलं, ताडपत्री सोडली, बाटली भरून घेतली. वस्तादांनी त्याला सांगितलं नव्हतं. इंजिन चालू करायला लावून तो सगळीकडनं पाणी मारत सुटला. वायरींच्या जागी आता काही नव्हतं. इंजिन एकसारखं चाललं होतं. मी म्हणालो, बघ, गप झाली. तरी तो थांबेना. वाकून, आडवा होऊन, खालनं मारलं, मागनं मारलं. बाटली संपली, परत भरली.

आणि करंट वाटून देणारा जो डबा असतो, त्याच्या टोपणाच्या कडेला, अगदी पुसट, निळं काहीतरी लुकलुकलं. एकदाच. सर्जेराव श्वास धरून थांबला. परत तिथंच फवारलं. परत लुकलुकलं. केसाएवढी चीर होती. ही वस्तादांनाही दिसली नव्हती.

त्यानं मान वळवून अंधारात वस्तादांकडं बघितलं.  वस्तादांनी घसा खाकरला, आणि इतक्या वर्षांच्या ओळखीत मला एवढं कळतं की म्हातारा खूश होता.

टोपण सर्जेराव पळत जाऊन आपल्या गॅरेजमधनं घेऊन आला. बसवलं. परत अंधार, परत पाणी. मी घड्याळाकडं बघत होतो आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पण आता मी त्याला घाई करत नव्हतो. शेवटी तो उठला, बाटली खाली ठेवली आणि सीट पाडली.

निघताना तो माझ्या शेजारी येऊन बसला. आणि मागचं दार वाजलं. बघतो तर वस्ताद आत चढलेले, फळीवर बसून वरचा कडीचा पट्टा धरलेला. कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हणालो, वस्ताद, रस्ता वाईट आहे, कशाला त्रास. त्यांनी हातानंच सांगितलं, चल.

ओढा आला. सकाळपेक्षा पाणी वाढलं होतं, पण खालचा रस्ता दिसत होता. मी गाडी घातली. दोन्ही बाजूंनी पाणी उडालं, खालनं पत्र्यावर आपटलं. मी कान देऊन होतो. सर्जेरावानं डोळे मिटून घेतले होते आणि त्याचा हात सीटवर पडला होता, खाली इंजिन होतं तिथं.

बाहेर निघालो. चढ लागला. दुसरा गिअर टाकला.

गाडी चढत राहिली.

मला रडू आलं. आलं ते आलं, त्यात लाज कसली. सर्जेरावानं डोळे उघडले. 

घरी पोचलो तेव्हा भाऊ अंगणात इरलं घेऊन उभाच होता. वहिनीला दोघांनी धरून आणलं. सोमवारपेक्षा तिची दशा वाईट होती. पाय सुजून टम्म झालेले, चेहरा फुगलेला, कपाळावर घाम, केस विस्कटलेले. चार पावलं चालली की थांबून श्वास घ्यायची. तिला गादीवर उशी लावून बसतं केलं. आडवं होता येत नव्हतं.

गाडी सुटली, उताराला लागली. ओढा परत पार झाला, इंजिननं कुरकूर केली नाही. वहिनीला मात्र गाडीचं काही नव्हतं. तिनं पिशवीतनं ओला पंचा काढला, फणी काढली, कुंकवाची डबी काढली. आरशात मला दिसत होतं. मी म्हणालो, वहिनी, गप पडून राहा की. ती थांबत थांबत म्हणाली की दवाखान्यात चार माणसांत जायचं, असल्या अवतारात कसं जायचं. आणि डॉक्टरांनी असं बघितलं तर ते ठेवून घेतील. ते दरवेळी विचारतात, धाप लागते का? ती दरवेळी सांगते, नाही. तोंड धुवून, वेणी घालून, जरा ताठ बसून सांगितलं की त्यांना पटतं. घरी म्हशी आहेत. दाराला कुलूप लावून दोघांनी तिकडं कसं राहायचं?

मला हे आजवर माहीत नव्हतं. माझा पाय ब्रेकवर गेला. सर्जेराव मागं वळला होता आणि वस्तादांकडं बघत होता.

वहिनीनं पंचा तोंडाकडं नेला.

वस्तादांनी पंजा पुढं केला.

“राहू दे, पोरी...” ते म्हणाले. “डॉक्टरांना अशीच दिसू दे.”